मधाच्या झाडाची जागा

माझ्या नवऱ्याच्या, बुंदानच्या, तोंडात तीळ भिजत नाही. अपवाद एकच: त्याच्या मधाच्या झाडाची जागा. आजोबांकडून आलेलं ते पोळ्यांनी लगडलेलं झाड नदीपलीकडच्या डोंगरात नेमकं कुठे, हे त्याने मलाही सांगितलं नाही. कारण माझा भाऊ लांतिंग. लांबघरात, म्हणजे आमच्या अख्ख्या गावाच्या एकाच लांबलचक घरात, त्याची खोली आमच्या शेजारीच, आणि मध म्हटला की त्याला नातं दिसत नाही.

माझी भाची जसिंता कुचिंग शहरातून आली ती अस्वलांचा नकाशा करायला. कुणाला कुठे अस्वल किंवा त्याच्या नखांचे ओरखडे दिसले, त्या जागा ती कम्प्युटरला देणार. मग तसलीच झाडी, तसलाच चढ शोधून तो सांगणार, अस्वल आणखी कुठे जगेल. ते रान नकाशावर लाल, बाकीचं पांढरं. लाल सरकार राखणार, पांढरं पामतेलाच्या मळ्यांना.

"काका, पलीकडच्या डोंगरात दिसलंय कधी?" तिने ओसरीवर सगळ्यांसमोर विचारलं.

"छे! तिथे माकडंसुद्धा फिरकत नाहीत."

अस्वल मधाच्याच झाडावर चढतं, हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक. हो म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी लांतिंग मागावर.

तिने लांतिंगलाही विचारलं. "दाजी म्हणतात ते खरं," तो म्हणाला. मला तेव्हाच संशय यायला हवा होता. हे दोघे जन्मात कधी एका मताचे झाले नव्हते.

कम्प्युटर बिचारा ऐकीवावर चालणारा. तसल्या उंच रानात अस्वल नसतंच, असं त्याने धरलं आणि अख्खा डोंगर पांढरा केला. वर्षभरात पायथ्याशी यंत्रं लागली. तेव्हा कुठे बुंदानने जसिंताला बोलावून घेतलं आणि दुखरा गुडघा ओढत आम्हा सगळ्यांना झाडाशी नेलं. गुडघ्यामुळे तोच चार वर्षं तिथे गेला नव्हता.

बुंध्यावर ओरखडेच ओरखडे होते. काही काळे पडलेले, काही अजून ओले.

"हे घे. आता लाल कर," तो म्हणाला.

"काका, नकाशा मंजूर होऊन गेला. तेव्हा विचारलं होतं ना हो मी?" पोरगी रडायलाच लागली. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

बुंदान झाडाला वळसा घालून गेला आणि थबकला. पलीकडच्या अंगाला चढायच्या बांबूच्या खुंट्या होत्या, नव्या, वरपर्यंत ठोकलेल्या. त्याच्या खुंट्या तर अलीकडे, कधीच्या कुजलेल्या.

लांतिंगने मान खाली घातली. "अस्वल आहे म्हटलं असतं, तर मी इथे येतो हे कळलं असतं तुम्हाला, दाजी."

एकाने जरी तोंड उघडलं असतं! माझा जीव अजून तळमळतो. मला वाटलं, आता कोयते निघणार. पण बुंदान मुळांवर मटकन बसला.

"गोड होता का रे?" त्याने विचारलं.

"फार," लांतिंग म्हणाला, आणि खाली करवत सुरू झाली.