आलो की आले

वडगाव रासाईच्या जयसिंग पाटलांनी फलक रंगवून घेतला होता: ‘प्रा. मोरे मॅडम यांचे हार्दिक स्वागत’. फोनवर मी ‘मोरेनिके’ असं स्पष्ट सांगितलं होतं, पण आमच्याकडं मोरे हे आडनाव इतकं पक्कं की पुढचं कुणाला ऐकूच गेलं नाही. मॅडम गाडीतून उतरल्या, तरी पाटील हार घेऊन त्यांच्यामागं बघत राहिले, मोरे मॅडम अजून आतच आहेत म्हणून. मी घोटाळा सांगितल्यावर नायजेरियातल्या इबादानच्या मोरेनिके मॅडम पोट धरून हसल्या. फलकाशेजारी उभं राहून त्यांनी फोटो काढून घेतला आणि त्या दिवसापासून त्या गावाच्या मोरेबाई झाल्या.

मी अंकिता, नदीपलीकडच्या राहू गावची. समाजशास्त्रात एम.ए., इंग्रजी बरं, आणि त्याचा तोरा त्याहून बरा. मॅडम आफ्रिकेतल्या धर्मांचा अभ्यास करतात. गुलाम करून जहाजांत कोंबलेली माणसं समुद्रापार ब्राझीलला नेली गेली, ती आपले देवही मनात घेऊन गेली. ते देव तिथं बायांच्या अंगात कसे येतात, पुरुषांच्या कसे येतात, यात मॅडमनी वीस वर्षं घातली आहेत. सहा महिने त्या पुण्यात शिकवायला आल्या होत्या. तुमच्याकडं असं असतं का, असं त्यांनी वर्गात विचारलं आणि मी सांगून बसले की वडगावात दिलेल्या माझ्या आत्याच्या अंगात बिरोबा येतो. त्याआधी कॉलेजात ही गोष्ट मी कुणाच्या कानावर पडू दिली नव्हती.

इबादानच्या विद्यापीठात मॅडमच्या हाताखाली पीएच.डी.ची एकच जागा होती आणि मला ती हवी होती. अर्जासोबत नमुना म्हणून आत्याचं रेकॉर्डिंग उतरवून द्यायचं होतं: वर देवनागरी ओळ, खाली इंग्रजी अक्षरांत उच्चार, त्याखाली इंग्रजी अर्थ.

अमावास्येला बिरोबाच्या देवळात मॅडम सगळ्यांच्या मागं, फरशीवर बसल्या. रतनबाई आत्या घुमायला लागली. एरवी कोथिंबिरीच्या भावावरूनही हळू आवाजात बोलणारी बाई, तिचा आवाज खांबांना धडकत होता. “मी आलो. भीमंचं पाणी बघून आलो. माझी मेंढरं कुठं हायती?” मेंढरं विकून ऊस लावलेले आमचे बापे खाली मान घालून बसले होते.

सगळं शांत झाल्यावर मॅडम आत्याजवळ गेल्या. आजवर जो कुणी शिकलेला आला त्यानं आत्याला एकच विचारलं होतं, हे खरं असतं का. मॅडमनी विचारलं, “नंतर पिंढऱ्या दुखतात का?” मी भाषांतर केलं. आत्यानं त्यांच्याकडं टक लावून पाहिलं आणि मला म्हणाली, “ही बाई जाणती हाय गं.” मला त्या क्षणी मॅडमचा इतका अभिमान वाटला, जणू मीच त्यांना शिकवलं होतं.

मग मी घरी जाऊन शहाणपणा केला. उतरवताना ‘हायती’चं ‘आहेत’ केलं, ‘भीमंचं’चं ‘भीमेचं’ केलं आणि ‘आलो’चं ‘आले’. बाईमाणूस ‘मी आलो’ कसं म्हणेल, घुमण्याच्या भरात जीभ घसरली असेल. इंग्रजीत दोन्हीचा अर्थ एकच होतो, मग कोण विचारतंय.

मॅडमनी विचारलं. त्यांना मराठीचा गंध नाही, तरी ते वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग त्यांनी आठवडाभर ऐकलं होतं. माझ्या कागदावर एकोणीस ठिकाणी पेन्सिलीची बारीक खूण होती. “इथं तू ‘ले’ लिहिलंयस. मला ‘लो’ ऐकू येतंय. माझा कान चुकतोय का?”

“हो मॅडम,” मी म्हणाले, “कानाचा दोष. आवाज घोगरा आहे तिचा.”

“बरं,” त्या म्हणाल्या. त्यांनी खोडरबर घेतलं आणि एकेक खूण पुसायला लागल्या. शंका नाही, कुरकुर नाही. आठवडाभराचं ऐकणं माझ्या एका शब्दावर पुसत होत्या. सहावी खूण गेली तेव्हा मला राहवलं नाही.

“थांबा मॅडम. ‘लो’च आहे. मी बदललं. खेडवळ चूक वाटली मला.”

त्यांनी खोडरबर खाली ठेवलं. जागा गेली, हे मी धरूनच चालले. मग त्या म्हणाल्या, “चूक आहे की नाही, हे जिनं म्हटलं तिला विचारू.”

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा वडगावात. आत्या ओट्यावर कांदे निवडत होती. ‘आलो’ चुकून म्हटलंस का, मी त्याचं ‘आले’ केलंय, असं मी विचारलं. तिनं कांदा खाली ठेवला.

“मी कशाला चुकंन? मी रतन म्हणून आले तर ‘आले’च म्हणते. पर तवा मी न्हवतेच. त्यो होता. त्यो काय ‘आले’ म्हणंल व्हय?”

मी हे इंग्रजीत सांगितलं. मॅडमनी दोन्ही हात गालांवर ठेवले. म्हणाल्या, “आमच्या योरुबा भाषेत तो आणि ती असा भेदच नाही. मात्र देवाच्या सेवेत नव्यानं बसलेल्या माणसाला नवरी म्हणतात, तो मिशीवाला गडी असला तरी. ब्राझीलपर्यंत तो शब्द गेला. अंगात आल्यावर बोलणारं कोण, हे मी आयुष्यभर शोधतेय, आणि तुमच्याकडं ते एका अक्षरात बसलंय.”

मी मराठीत सांगितलेली मिशीवाली नवरी ऐकून आत्या पदरात तोंड घालून हसली. हसू ओसरल्यावर तिनं माझ्याकडं पाहिलं. “आन् तू बदललंस. माझी लाज वाटली व्हय तुला?”

“वाटली,” मी म्हणाले. डोळे भरून आले, पण खोटं दुसऱ्यांदा बोलवेना.

आत्या परत कांदे निवडायला लागली. मॅडमनी पिशवीतून माझा तोच कागद काढला, पेन्सिल माझ्या हातात दिली आणि रेकॉर्डिंग लावलं. “पुसलेल्या सहा खुणा तू परत कर. मग सगळे शब्द नीट लिही. सोमवारी अर्जाला हाच कागद लावायचा, खुणांसकट. मार्गदर्शक म्हणून मी सही करणार आहे.”

ओट्यावर बसून मी आत्याचा आवाज ऐकत राहिले आणि एकेक ‘ले’ खोडून ‘लो’ लिहीत गेले. पहिला झाल्यावर आत्या जवळ सरकली.

“यातला ‘लो’ कंचा?”

मी दाखवला. तिनं कांद्याच्या मातीनं भरलेलं बोट त्यावर टेकवलं. मॅडमनीही वाकून तिच्या बोटाशेजारी आपलं बोट ठेवलं. ती देवनागरी अक्षरं दोघींनाही वाचता येत नव्हती. त्या ओट्यावर वाचता येणारी मी एकटीच होते.