तोफेच्या पोटातला सुका कचरा

आमच्या सोसायटीला स्वच्छतेचं बक्षीस मिळालेलं आहे. तेव्हापासून आवारात म्हणून काही घाण राहू देत नाहीत. तोफेच्या पोटातसुद्धा.

गुरुवारी सकाळी कमिटीतले तीन रिटायर्ड गृहस्थ हातमोजे घालून गेटजवळ उभे होते. एकाकडे पंखा पुसायचा लांब ब्रश, एकाकडे घरून आणलेलं उलथनं, एकाकडे नुसताच उत्साह. आणि मध्ये आमचे बाबा. म्हणजे माझे सासरे, हरिहरराव, सोसायटीचे चेअरमन. ते हातात काही धरत नाहीत, मार्गदर्शन करतात.

"पाणी लावायचं नाही हं कुणी! गंज चढेल. कोरडंच कोरून काढा."

तिघांनी खूप वेळ घाम गाळून तोफेच्या तोंडातून जे काढलं, ते पिशवीत भरलं आणि पिशवीवर निळ्या पेनानं लिहिलं, 'सुका कचरा'. ओल्यात टाकावं की सुक्यात, यावर त्यांची थोडी चर्चाही झाली म्हणे. इतकी बौद्धिक मेहनत त्या तोफेच्या वाट्याला नंतर पुन्हा आली नाही.

मी कादंबरीला कडेवर घेऊन आमचा कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आले. कादू दीड वर्षाची आहे. जगातली प्रत्येक पिशवी आपण रिकामी करावी म्हणूनच भरलेली असते, असा तिचा ठाम समज आहे. मी वाकले तशी तिनं हात घातला आणि मूठ थेट तोंडाकडे नेली. तिच्या तोंडातून वस्तू काढणं ही माझी सध्याची पूर्णवेळ नोकरी. त्याआधी मी ठाण्यात एका छोट्या खाजगी संग्रहालयात जुन्या शस्त्रांच्या नोंदी करायचे.

तिची मूठ उघडली. आत भाजलेल्या मातीचा मणी होता, सुपारीएवढा, मधोमध भोक पाडलेला. जाळं पाण्यात खाली राहावं म्हणून त्याला बांधायचं वजन. मातीवर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा होता, कादूच्या अंगठ्याहून थोडासाच मोठा.

मी तिथेच फरशीवर बसले आणि पिशवी ओतली. तसेच आणखी मणी. शिशाचे गोळे, दाढेएवढे. डोकी मोडलेले खिळे. खाडीतल्या गारगोट्या. बिजागरीचा तुकडा. कुजक्या कापडाची चिंधी, ज्यात हे सगळं पुरचुंडी बांधून भरलेलं असणार.

"अगं उत्तरा, पोरीला काय कचऱ्यात बसवतेस?" बाबा म्हणाले.

"बाबा, हा कचरा नाहीये. हा बार आहे. ही छर्ऱ्याची तोफ आहे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. आमटीत मीठ जास्त झाल्यावर पाहतात तसं.

तोफ कशी आली ते सांगते. जयेश मोठागावचा, कोळ्याचा मुलगा. ग्रिलं-गेटं वेल्डिंग करण्याचं त्याचं दुकान आहे, आणि उरलेल्या वेळात काकाबरोबर खाडीवर जातो. ओहोटीला चिखलात त्यांची होडी कशाला तरी अडली, ती ही तोफ. छोटीशी, होडीवर बसवायची, कादूच्या पाळण्याएवढी. बाबांना कळलं आणि दुसऱ्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन ते मोठागावात हजर. फलकावर नाव घालतो म्हणाले, आणि टेम्पोत घालून तोफ डोंबिवली पश्चिमेला आमच्या गेटावर. मी म्हटलं होतं, पुरातत्त्व खात्याला कळवायला हवं. बाबा म्हणाले, "खात्यात पडून सडेल. इथे निदान जाणकारांच्या नजरेखाली राहील." मग जाणकारांनी ती अख्खा मे महिना गच्चीवर उन्हात वाळवली, एका बाजूला कुरडया, एका बाजूला सांडगे.

रविवारी अनावरण होतं. फलकाचा मजकूर बाबांनी स्वतः लिहिला होता, मला फक्त टाइप करायला दिला. 'या महाकाय तोफेच्या एका गोळ्याने शत्रूचे जहाज दुभंगले.' महाकाय. कादू तिच्यावर घोडा घोडा करते. खाली संशोधन म्हणून माझं नाव टाकणार होते, म्हणजे घरातली पदवी वाया गेली असं व्हायला नको. आणि तोफेला गोळा नाही ही उणीव भरून काढायला बाबांनी बाजारातून लोखंडी गोळा आणला, शाळेत फेकतात तो. काळ्या ऑइलपेंटचे दोन हात दिले. तो तोफेच्या तोंडात गेलाच नाही, कारण तोंडापेक्षा मोठा होता. एवढ्यानं कमिटी खचत नाही. ठरलं असं, की शनिवारी जयेशला बोलावून गोळा तोंडावरच वेल्ड करून टाकायचा. तोंडात रसगुल्ला धरलेल्या माणसासारखी दिसली असती ती तोफ, पण कमिटीला ती शूर दिसत होती.

शुक्रवारी संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात मीटिंग होती. मी कादूला मांडीवर घेऊन गेले, सोबत ती पिशवी.

"छर्रे?" बाबा सगळ्यांकडे बघत हसले. "छर्ऱ्यांनी चिमण्या मारतात, सूनबाई. आपले पूर्वज काय चिमण्या मारत होते?"

सगळे हसले. उलथनंवाले देसाईकाका सगळ्यात जोरात, कारण त्यांचा पार्किंगचा अर्ज बाबांकडे पडून आहे.

मी सांगत राहिले. गोळा लागतो भिंतीला, तटाला, लांबच्या जहाजाला. आणि गोळा ओतायला भट्टी लागते, कारागीर लागतात, एकेका तोफेच्या तोंडाच्या मापाचा वेगळा गोळा लागतो. पण शत्रू हातभर अंतरावर आला, तुमच्या होडीच्या काठाला त्याचे हात लागले, की गोळ्याचा उपयोग शून्य. गोळा एकाला घेऊन पलीकडे जातो, बाकीचे चढून येतात. तेव्हा असली पुरचुंडी भरायची. नळीतून बाहेर पडली की फाटते आणि आतलं सगळं मूठभर तांदूळ फेकल्यासारखं पसरतं. खिळे, खडे, काच, साखळीचे तुकडे. तोफा आल्या तेव्हापासून लोक हे करत आलेत, जगभर. नंतर सैन्यांनी त्यासाठी डबे केले, लाकडी पेट्या केल्या, सारख्या मापाच्या गोळ्या ओतल्या. पण सुरुवात ही अशी, घरात असेल ते.

"म्हणजे भंगार," बाबा म्हणाले.

"हो. आणि भयंकर. ज्याच्या अंगात हे शिरायचं तो तिथेच सुटला तर नशीबवान. यात शौर्याचं चित्र नाही निघत, बाबा. कुणीतरी आपल्या जाळ्याची वजनं सोडून यात भरली. जाळं गेलं तर खायचं काय, हा विचार करायलाही ज्यांना वेळ नव्हता, अशा माणसांनी."

"हे फलकावर लिहू?" बाबांनी विचारलं. "की आमच्या लोकांकडे गोळेसुद्धा नव्हते?"

'आमच्या'. दोन पिढ्यांपूर्वी पुण्याहून रेल्वेच्या नोकरीसाठी आलेलं आमचं घराणं. खाडीचं पाणी आम्ही फक्त पुलावरून पाहिलंय.

"फलकावर काय हवं ते लिहा," मी म्हटलं. "माझं नाव नको. पण वेल्डिंग करू नका. छर्रे तोंडात होते याचा अर्थ कळतोय का कुणाला? बार उडालाच नाही. छर्ऱ्यांच्या मागे काथ्याचा बोळा असतो आणि बोळ्याच्या मागे दारू. तुम्ही फक्त पुढचं काढलंत."

"आम्ही तळापर्यंत साफ केलंय," देसाईकाका दुखावले. "ब्रश टणकन लागला."

"कशाला लागला? मी आज काठी घालून बघितली. काठी जिथे थांबते, त्याच्या वीतभर मागे तोफेचा कान आहे, बत्ती द्यायचं भोक. कान भरीव लोखंडात कोण कशाला पाडेल? त्या वीतभर जागेत काय आहे?"

मग बाबा म्हणाले, "तीनशे वर्षं चिखलात होती बाई. आत काय, चिखलच."

"कान मेणानं बुजवलेला होता. तुम्हीच कोरून काढलंत ते मेण. बोळ्यालाही असणार. शिवाय महिनाभर उन्हात वाळवलीत. कदाचित काहीच होणार नाही. पण झालं तर गोळा उडेल, नाहीतर नळी फुटेल. दोन्हीकडे जयेश उभा असणार."

"उत्तरा," बाबांचा आवाज मऊ झाला, तो फार अपमान करायचा असतो तेव्हा होतो, "बाळंतपणानंतर बायकांना भीती वाटते. तुझ्या सासूलाही वाटायची. डॉक्टरांना दाखवू या."

कादूनं तेवढ्यात टेबलावरचा मिनिट्सचा कागद तोंडात घातला. मी तो काढायची घाई केली नाही.

घरी आल्यावर सलिलला, माझ्या नवऱ्याला, सगळं सांगितलं. सलिल वाईट माणूस नाही. तो कुठलाच माणूस नाही, बाबा समोर असले की. "रविवार होऊन जाऊ दे ना," म्हणाला. "मग खात्याला फोन करू. आत्ता बाबांचा पाणउतारा कशाला?"

"वेल्डिंग उद्या आहे."

"जयेश रोजच करतो की वेल्डिंग."

मी जयेशलाच फोन लावला. उचलला नाही. खाडीवर असणार, तिथे तो फोन घरी ठेवून जातो.

शनिवारी मी कादूला अंघोळ घालत होते. ती टबात बसून पाण्यावर थपडा मारत होती, आणि बाहेर वेल्डिंग मशीन ओढत आणल्याचा आवाज आला. दहाला येणार म्हणाले होते, आणि हा आठलाच. आम्ही तळमजल्यावर. खिडकीतून पाहिलं तर तोफ नव्या लाकडी गाड्यावर चढवलेली, तोंड वर करून, समोरच्या बालवाडीच्या फाटकाकडे रोखलेलं. बाबा गोळा दोन्ही हातांनी तोंडावर टेकवून मागे-पुढे बघत होते, सरळ बसलाय की नाही. जयेश डोळ्यांवर काच ओढत होता.

मी कादूला टॉवेलमध्ये गुंडाळून काखोटीला मारलं, दुसऱ्या हातानं टब उचलला आणि तशीच धावले. अर्धं पाणी दारातच सांडलं.

"जयेशदादा, थांबा!"

जयेशनं काच वर केली. "काय झालं वहिनी? साहेब बोलले लवकर ये, आटपून टाक."

"तोफ भरलेली आहे. आत दारू आहे."

तो बाबांकडे बघायला लागला. "साहेब, ही काय बोलतंय?"

"काही नाही. तू लाव रे."

"लाव काय लाव? मना घरी बायको हाय." जयेशनं हातातली वेल्डिंगची कांब खाली ठेवली.

"अरे, तीनशे वर्षांची..." बाबा बोलत होते तेवढ्यात मी त्यांच्या हाताला कोपरानं धक्का दिला. गोळा खाली पडला आणि घरंगळत बागेत गेला. मी टब तोफेच्या तोंडावर उपडा केला. कोमट पाणी, त्यात बेसन, साय, आणि एक पिवळं प्लास्टिकचं बदक. बदक बाहेरच अडकलं. पाणी आत गेलं.

"पाणी!" बाबा ओरडले. "गंज चढेल! मूर्ख, गंज चढेल ना!"

"देसाईकाका, बागेची नळी द्या," मी म्हटलं. त्यांनी दिली नाही. जयेशनं जाऊन ओढून आणली आणि तोफेच्या तोंडात खुपसली. काही वेळ काहीच झालं नाही. तोंडाशी पाणी काठोकाठ तुंबलं, आणि बाबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बघा. तळच आहे. झालं समाधान?"

मग पाणी हळूहळू खाली बसायला लागलं. जयेशनं नळी चालूच ठेवली. आणि मागे, कानातून, एक बुडबुडा आला. त्याच्यामागून काळं पाणी. आधी थेंब, मग धार. नव्या गाड्याच्या पॉलिशवरून ओघळत खाली आली.

"गंज," बाबा म्हणाले.

"गंज तांबडा असतो, बाबा."

त्यांनी बोट लावलं, नाकाशी नेलं. वास तोवर सगळ्यांनाच आला होता. इतिहास नसेना का कळत, तो वास डोंबिवलीतल्या प्रत्येक घराला कळतो. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, विझलेल्या फुलबाज्या बुडवलेल्या बादलीचा वास.

मग कमिटी पांगली, कमालीच्या शिस्तीनं, आधी सेक्रेटरी. बाबा मात्र घाबरून मागे सरकले, आणखी मागे सरकले, आणि नेमके तोफेच्या तोंडासमोर जाऊन उभे राहिले. एवढा इतिहास वाचलेला माणूस. जयेशनंच त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं.

"तिकडं नका हो साहेब. उडलं तर तिकडूनच उडतंय."

मी अग्निशमन दलाला फोन केला. ते आले, बालवाडी बंद करायला लावली, आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून तोफ घेऊन गेले. पुरचुंडीतलं सगळं मी खात्याला द्यायला नीट बांधून ठेवलंय. त्या पिशवीवर मी आधीचं खोडून 'छर्रे' लिहिलं, आणि खाली जयेशचं नाव, तोफ ज्याला सापडली तो म्हणून.

रविवारचा कार्यक्रम रद्द झाला नाही. हार आले होते, पाहुणे ठरले होते. रिकाम्या गाड्यावर तो काळा गोळा ठेवला, त्याला हार घातला, आणि बाबा पाऊण तास बोलले.

मी गेले नाही. कादूची अर्धवट राहिलेली अंघोळ मी शनिवारीच पुरी केली होती, पण नुसत्या टॉवेलमध्ये बाहेर राहिल्यानं ती शिंकत होती. रविवारी ती माझ्या मांडीवर झोपली, मुठीत बदक धरून. बाहेर लाउडस्पीकरवर बाबा जहाज दुभंगवत होते. खिडकीतून दिसलं, जयेश कालपासून तिथेच राहिलेलं आपलं मशीन टेम्पोत चढवत होता, दोन्ही धड हातांनी.