डाव्या पानाचा चिरूट

“तिना माका हाक मारल्यान काय?”

बहीण गेल्यावर फेबीने हे पहिल्यांदा डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, “डोक्यातली नस फुटली होती. कुणी शेजारी बसलेलं असतं तरी काही करता आलं नसतं.” फेबी म्हणाला, “माका ता नुको. तिना हाक मारल्यान काय, ता सांगा.” डॉक्टरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्याने आईला विचारलं. आई नुसती रडली. मग चर्चच्या फादरना विचारलं. ते म्हणाले, “प्रार्थना कर, बाळा.”

मला कुणी विचारलं नाही. मला कोण विचारणार? मी चिरूट आहे. हॉटेलवाले मला सिगार म्हणतात. पण ती गेली तेव्हा माडीवर दुसरं कुणी नव्हतं. मी होतो. मला सगळं ठाऊक आहे, आणि मला तोंड आहे ते फक्त धुरासाठी.

मी शिकलेला नाही. जसं आठवेल तसं सांगतो.

माझा जन्म घाटावरचा, निपाणीकडच्या काळ्या मातीतला. तंबाखूच्या झाडाची शेंड्याकडची पानं ऊन खाऊन तिखट होतात. खालची पानं सावलीत वाढतात, ती सौम्य. मी खालचा. आमची गासडी टेम्पोतून फोंडाघाट उतरली तेव्हा मला पहिल्यांदा दमट वारा लागला. अंग सैल झालं. मालवणात पोचलो तेव्हा एका बाईने गासडीत कोपरापर्यंत हात घातला, एक पान काढून नाकाशी धरलं आणि डोळे मिटले.

ती इनासिया. तिला लोक इनास म्हणत. वय एकतीस. तिचा काका सांतान जहाजावर बावीस वर्षं आचारी होता. कुठल्याशा परक्या बंदरात एका म्हाताऱ्या कारागिरासमोर तो सुट्टीच्या दिवशी बसून राही, आणि बसून बसून चिरूट वळायला शिकला. गावी परतल्यावर त्याने ती कला पुतणीला दिली. आता त्याचे हात कापतात. शेजारच्याच घरात राहतो. रोज माडीवर येऊन तिच्या कामात खोड काढायचा, नाहीतर त्याचा दिवस जात नसे.

इनासने आम्हाला थरावर थर लावून रचलं, वर गोणपाट घातलं. आमच्या आमच्यातच ऊब धरली. ती दर चार दिवसांनी हात घालून बघे, ताप जास्त वाटला की खालचं वर आणि वरचं खाली करी. असे कित्येक महिने गेले. अंगातला कडूपणा निघून गेला. मग फणसाच्या लाकडाच्या पेटीत विसावा. त्या लाकडाचा गोडसर वास अजून माझ्यात आहे. भाजलेल्या काजूचा वास आहे, जुन्या गुळाचा थोडासा आहे, आणि अगदी शेवटी ओठांवर मीठ येतं. ते मीठ कुणी घातलेलं नाही. ते इथल्या हवेचं.

एकदा सांतान म्हणाला, “इनास, तुझे चिरूट फार हलके गो. पुरुषाक कळाक तरी होयो, काय ओढतंय ता.”

ती पानं कापायची पाती चालवत म्हणाली, “अंकल, बोंबलणारो चिरूट कोणय करीत. हळू बोलणारो करूक हात लागता.”

“तुझा तोंड मात्र हळू बोलणारा न्हय.”

“ता तुमच्यार गेला.”

ती स्वतः कधी ओढत नसे. तयार झालेला चिरूट न पेटवताच ओठांत धरायची आणि त्यातून नुसती हवा ओढून बघायची. पोटातली पानं जास्त दाबली तर हवेला वाट मिळत नाही. सैल ठेवली तर चिरूट भडकतो आणि जीभ भाजतो. वाट ठेवायची, पण मोकळं सोडायचं नाही. हे तिला बोटांतून कळायचं.

आता फेबीचं सांगतो. फेबी तिचा धाकटा भाऊ, बावीस वर्षांचा. सहावीत शाळा सोडली. डावरा आहे, आणि शाळेत डाव्या हातात पेन्सिल धरली की पट्टी बसायची. एका दिवशी त्याने पट्टीच हिसकावून मोडली आणि घरी आला, तो आलाच. आता पर्यटकांच्या बोटींची मशीनं दुरुस्त करतो. इनासने त्याला दोनदा चिरूट वळायच्या पाटाशी बसवलं होतं. “उजव्या हातान धर, माझ्यासारख्या,” म्हणाली. दोन्ही वेळा वरचं पान टरकन फाटलं.

“मेल्या, मशीन खोलतस काय?” ती हसली. “तुझो हात जड रे.”

तोही हसला, पण पुन्हा पाटाजवळ आला नाही. जिन्यावरूनच विचारायचा, “बाय, चाय झाली?”

इथे एक गोष्ट सांगायला हवी. वरचं पान, म्हणजे चिरुटाच्या अंगावरची कातडी, मधली शीर काढून दोन भागांत करतात. एक उजवा, एक डावा. उजवा भाग एका दिशेने गुंडाळायचा, डावा उलट्या. नाहीतर शिरा आडव्या येतात आणि चिरूट ओबडधोबड दिसतो. इनासचा हात उजवा. डावे भाग तिला अवघड जात, म्हणून ती ते बांधणीत, म्हणजे कातडीखालच्या गुंडाळीत, घालून संपवी. मी डावा भाग. माझा उजवा भाऊ कधीच सुबक चिरूट होऊन तारकर्लीच्या एका हॉटेलात गेला. जळालाही असेल. मी मात्र पेटीत तळाशी पडून होतो.

मग एका दुपारी इनास खिडकीशी उभी राहिली आणि बराच वेळ हललीच नाही. खाली फेबी मशीनमधला एक बारीकसा स्क्रू काढत होता. डाव्या हाताने. माशातला काटा काढावा तसा, अलगद. ती स्वतःशीच म्हणाली, “अगो बाय!” त्या दिवसापासून तिने डावे भाग बांधणीत घालणं थांबवलं. चांगले चांगले निवडून ओल्या फडक्याखाली ठेवायला लागली. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

ती गेली त्या सकाळी तिने मला घेतलं. हात उलटे करून, सावकाश, जीभ दातांत धरून पोटातल्या पानांभोवती गुंडाळलं. एकदा सोडवलं, पुन्हा गुंडाळलं. शेवटी फक्त टोपी राहिली. चिरुटाचं ओठांकडचं टोक पानाच्याच शेपटीने झाकायचं आणि काजूच्या झाडाच्या डिंकाने चिकटवायचं, त्याला टोपी म्हणतात. टोपी नसेल तर सगळं सुटतं. ती घालायच्या आधी तिने मला ओठांत धरलं आणि हवा ओढली. तिचा श्वास माझ्यातून गेला. ती म्हणाली, “बरो झालो.”

मग खिडकीत गेली.

“फेबी! ए फेबी! वर ये रे! टोपी घालूक ये!”

फेबी खाली अंगणात पाण्याच्या पिंपात मशीन उतरवून चालू करून बघत होता. नुसती घरघर. तिने पुन्हा हाक मारली. “फेबी, डाव्या हातान कर, बघ तरी!”

तो वळला नाही.

“बहिरो मेलो,” ती म्हणाली. हसत म्हणाली! हसत! पाटाशी आली, मला खाली ठेवलं, ओलं फडकं माझ्यावर ओढलं. कपाळाला हात लावला. “आज ऊन खूप आसा,” म्हणाली. मग स्टूल पडलं.

एवढंच. मला वाटलं, स्टूल पडलं म्हणून उचलेल. वाट बघत राहिलो. माझ्या अंगावरचं फडकं ओलं होतं, तिनेच आत्ता घातलेलं, आणि ती नव्हती. असं कसं होतं? फडकं सुकायच्या आत माणूस कसं जातं?

मशीन चालूच होतं. खूप वेळ. मग बंद झालं, आणि जिन्यावरून आवाज आला, “बाय, चाय झाली?”

पुढचा आवाज मी सांगणार नाही.

गावात कुणी म्हणालं, तंबाखूने खाल्ली तिला. तसं नव्हतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं, नस जन्मापासूनच कच्ची होती. पण फेबीला निमित्त मिळालं. चौथ्या दिवशी तो माडीवर आला आणि गासड्या उचलून खिडकीतून अंगणात फेकल्या. भर उन्हात. उन्हात तासाभरात पानाचा चुरा होतो. शेजारची सुगंधाकाकी ओरडत धावली.

“पिशा! काय करतस? तिचा घाम तो!”

“माका नुको! काय एक नुको!”

“तुका नुको, माका होया. सर बाजूक!” काकी आणि आई दोघी पदरात भरून भरून पानं सावलीत नेत राहिल्या. फेबी खिडकीशी उभा होता. त्याने पाटही उचलायला हात घातला. मी पाटावरच होतो. त्याची बोटं ओल्या फडक्याला लागली आणि तो थांबला.

फडकं ओलं कसं होतं? कारण तोच रोज सकाळी येऊन त्याच्यावर पाणी शिंपडत होता. ती करायची म्हणून. खाली काय आहे, हे त्याने एकदाही उचलून बघितलं नव्हतं. त्या दिवशीही नाही. पाणी शिंपडलं आणि खाली गेला.

आज सातव्या दिवसाची मिस, म्हणजे तिच्यासाठीची प्रार्थना, झाली. चर्चमधून आल्यावर सांतान काठी टेकत माडीवर चढला. मागे फेबी. सांतानने फडकं उचललं. मी उजेडात आलो, शेपटी लोंबत असलेला. माझ्या बाजूला पानांचे अकरा भाग होते. सांतानने एकेक हातात घेऊन बघितला.

“सगळे डावे,” तो म्हणाला. “उजवो एक नाय. तिचो हात तर उजवो. हे कोणाक ठेवल्यान?”

सांतान फेबीच्या हातांकडे बघत राहिला. मग म्हणाला, “बस हय.”

“अंकल, माझो हात जड.”

“कोण म्हणता?”

“तीच म्हणायची.”

“तिना तुका उजव्या हातान करूक लावल्यान. मिया तिका तसाच शिकवलंय. चुकला ता आमचा. बस.”

फेबी बसला. डाव्या हाताच्या बोटाला डिंक लावला. माझी शेपटी धरली. हात जड नव्हता. अजिबात जड नव्हता! तीन वेढे दिले. तिसऱ्या वेढ्याला पान जरा चुणलं. त्याने बोट सैल केलं. फाटलं नाही.

“वाकडी झाली,” तो म्हणाला.

“वाकडी आसा. पण सुटाची नाय.” सांतानने हवेला वाट हवी म्हणून टोपीचं टोक पातीने उडवलं, मला न पेटवताच ओढून बघितलं आणि त्याचे डोळे भरले. “ओढ तिची आसा.”

त्याने मला पेटवलं. कोवळाच होतो, थोडं कुरकुरलो, मग धरलं. दोन झुरके घेऊन सांतानने मला फेबीच्या हातात दिलं. फेबी ओढत नाही. तो मला डाव्या हातात धरून खिडकीत उभा राहिला, तिथेच, जिथे ती उभी होती. खाली पिंप रिकामं होतं.

“अंकल, तिना माका हाक मारल्यान काय?”

सांतानला ठाऊक नाही.

मी सांगतोय. हाक मारली, फेबी, दोनदा मारली. पण मदतीला नाही रे. कामाला बोलावत होती. टोपी घालायला. हसत होती. माझ्यात जितका जीव आहे तितका लावून सांगतोय, आणि धूर खिडकीतून बाहेर जातोय.

तुम्ही मला ओढा, असं मी सांगणार नाही. माझ्या पेटीवर जी सूचना असते ती खरी आहे. पण तुमच्या घरात कुणाचा हात जड आहे असं तुम्ही म्हणत असाल, तर त्याचा दुसरा हात एकदा बघा. आणि लवकर बघा.

मी आता दोन बोटं उरलोय. नीट भरलेल्या चिरुटाची राख पडत नाही, तशीच धरून राहते. माझी तीन बोटं लांब झाली आहे. पोटातली पानं तिने भरली, टोपी त्याने घातली. मध्ये मी आहे, आणि मला अजून एक गोष्ट करता येते. वारा आला. फेबीने उजवा तळवा माझ्याखाली धरला. मी राख मोडू दिली नाही. अख्खी, तिने वळली होती तशी, त्याच्या हातावर ठेवली.