डावीकडची भिंत

उजवीकडे पाऊल टाकलं की डावीकडचं घर पुसलं जातं, हे मंगळवारी सकाळी दात घासून बाहेर आल्यावर माझ्या लक्षात आलं. बाथरूम गेलं होतं. त्याच्या पलीकडची बेडरूमही गेली होती. तिथे आता जमिनीपासून छतापर्यंत सपाट निळी भिंत होती, आणि बेडरूममध्ये माझी धाकटी बहीण वृषाली झोपली होती.

मी भिंतीवर थाप मारली.

"वृषे, चहा टाकू का?" घाबरल्यावर मला दुसरं काही सुचत नाही.

"दादा, दार कुठे गेलं?" भिंतीतून आवाज आला.

तो निळा रंग मी ओळखला. आमच्या लहानपणच्या व्हिडिओ गेममधलं आभाळ तसंच होतं. कॅसेटवरचं नाव कुठल्यातरी परक्या लिपीत होतं, ते इचलकरंजीत कोणाच्या बापाला वाचता येत नव्हतं. हिरो एक मुंगूस होतं. लाल बंडी घालायचं, म्हणून आम्ही त्याला बंड्या म्हणायचो. दोघं खेळायला बसलो की हिरव्या बंडीतलं दुसरं मुंगूस यायचं. ते वृषालीचं.

मागच्या आठवड्यात जुन्या बाजारात मला तीच कॅसेट मिळाली. मी हट्टाने वृषालीला सोलापूरहून बोलावून घेतलं. काल संध्याकाळी कॅसेटमध्ये फुंकर मारून ती लावली, तर पडदा काळाच राहिला. तरी जेवताना मी तासभर बोलत होतो, काय ते दिवस, काय ती मजा. वृषाली ताटातला भात इकडून तिकडे करत होती.

"मजा तुला यायची," ती म्हणाली. "मी मागे राहून मरायचे."

मला राग आला. इतक्या लांबून येऊन माणूस असं बोलतं का?

आता दिवाणावर बंड्या बसला होता. माणसाएवढा. अंगाला कुठे गोलाई नाही. गाल, पोट, शेपटी, सगळं चौकोनी. त्याच्या मांडीवर अंड्यांची टोपली होती. गेममध्ये तो सापांना अंडी फेकून मारायचा.

"तिला बाहेर काढ," मी म्हणालो.

"पडदा मागे सरकत नाही," बंड्या म्हणाला. "हे तुला मी सांगायला हवं?"

नको होतं. पुढचा खेळाडू धावेल तसा पडदा उजवीकडे सरकायचा, आणि मागे राहिलेल्याला डावी कड गाठून मारायची. वृषालीला खड्ड्यावरून उडी मारायला वेळ लागायचा. मी थांबत नसे. थांबायचा मला कंटाळा यायचा, दुसरं काही कारण नाही. तिच्या तिन्ही जान संपल्या की ती रिमोट मांडीवर ठेवून माझा खेळ बघत बसायची. दोन्ही बटणं एकदम दाबली की आपली एक जान दुसऱ्याला देता यायची. हे मला ठाऊक होतं. तिला नव्हतं.

बंड्याने पहिलं अंडं फेकलं. तेही चौकोनी होतं, कपाळावर कोपरा लागला. दुसरं चुकवायला मी एक पाऊल सरकलो. दिवाणाची एक बाजू गेली.

"दादा, कपाट पलंगाला टेकलंय," वृषाली म्हणाली.

"अंग चोरून उभी राहा."

"उभीच आहे."

तिसरं अंडं माझ्या गुडघ्यावर बसलं. आपण हलायचं नाही, एवढंच करायचं होतं, आणि तेवढंच मला जमेना. मी स्वयंपाकघरात पोचलो तेव्हा दिवाण, टीव्ही, चपलांचं कपाट काही उरलं नव्हतं. बंड्या ओट्यावर बसला होता, टोपली भरलेलीच होती.

"मला तिला एक जान द्यायची आहे," मी म्हणालो.

"किती आहेत तुझ्याकडे?"

त्याने वर बोट दाखवलं. छताच्या कोपऱ्यात लाल बंडीतलं एक छोटं चित्र होतं. माझं, चष्म्यासकट. त्याच्या शेजारी दुसरं नव्हतं.

बंड्याने माझ्या हातात रिमोट दिला. आणि लगेच अंडं मारलं.

मी बाल्कनीत आलो. मागे ओटा पुसला गेला, सिंक पुसलं गेलं. कठड्यापलीकडे शेजारची इमारत नव्हती, रस्ता नव्हता, नुसता निळा रंग. भिंत माझ्यापासून हातभर अंतरावर होती.

"दादा." आवाज आता चपटा येत होता. "श्वास घ्यायला जागा नाहीये. एक विचारू?"

"विचार."

"तेव्हा जान देता यायची का रे?"

बंड्या कठड्यावर बसून माझ्याकडे बघत होता. मी खोटं बोललो असतो तर त्याला बरं वाटलं असतं, हे मला त्याच्या चौकोनी तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"यायची," मी म्हणालो.

मला वाटलं संपलं. मग भिंतीतून तिचा हात मनगटापर्यंत बाहेर आला, तळवा वर करून.

बंड्याने टोपलीत हात घातला. माझा डावा अंगठा एका बटणावर होता. उजवा दुसऱ्यावर टेकत होता. आणि माझा एक पाय उजवीकडे, कठड्याकडे उचलला गेला होता.