जावयाचा कॅसरोल आणि माझं मौन

रोज संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की जेवायला बसेपर्यंत मी बोलत नाही. खाणाखुणाही करत नाही. हातवारेच करायचे तर ते मौन कसलं, ती नक्कल झाली. माझ्या घरी मी एकटीच असते, त्यामुळे हे व्रत बिनबोभाट पार पडतं. लेकीकडे राहायला आले तेव्हा कळलं, की मी तोंड मिटते नेमकी तेव्हाच इथल्या स्वयंपाकघराला तोंड फुटतं.

लेक माझी नर्स आहे, लहान मुलांच्या वॉर्डात. त्या आठवड्यात तिला हेड नर्सची जागा देऊ केली होती. या जागेची तिनं किती वाट पाहिली ते मला ठाऊक आहे. पण पाळी संध्याकाळची, म्हणजे कामाच्या दिवसांत रात्रीचं जेवण तिच्या हातून सुटणार. आणि बाहेरून मागवून भागेल असं हे घर नाही. नातीचं पोट लगेच बिघडतं, व्याह्यांना तेलकट-तिखट वर्ज्य. होय की नाही ते गुरुवारी संध्याकाळी कळवायचं होतं.

"मी राहते की इथंच," मी म्हणाले.

"किती दिवस, आई? तुझं तिकडचं घर, तुझी तुळस, तुझी माणसं... आणि उद्या तुझे गुडघे धरले की मी राजीनामा देऊ? नको. जमायचं असेल तर ह्याला जमायला हवं."

'ह्याला' म्हणजे माझ्या जावयाला. जावई लिफ्टदुरुस्तीचं काम करतात. माणूस लाखात एक, पण स्वयंपाकघरात त्यांची मजल पाणी पिण्यापलीकडे कधी गेली नव्हती. तरी ते छाती पुढे काढून म्हणाले, "कॅसरोल करतो. सोमवार ते गुरुवार, रोज. तू जेवायच्या वेळेलाच घरी ये, बघ जमतं की नाही."

कॅसरोल म्हणजे जेवण गरम ठेवायचा डबा, एवढंच मला माहीत. त्यांनी समजावलं. "आई, एका खोलगट भांड्यात सगळं रचायचं. खाली तांदूळ नि मसूर, वर गाजर, फरसबी, पालक, टोमॅटोच्या चकत्या. हे सकाळीच करून फ्रिजमध्ये ठेवायचं. संध्याकाळी वरून उकळतं पाणी ओतायचं, भांडं घट्ट झाकायचं आणि ओव्हनमध्ये सरकवायचं. शेवटी झाकण काढून थोडं चीज. झालं जेवण! तळण नाही, फोडणी नाही. अगदी लिफ्टसारखं. दार लावा, बटण दाबा."

"आणि मधेच अडकली तर?" व्याही म्हणाले.

व्याही म्हणजे जावयांचे वडील. जन्मभर शिलाई मशीन चालवली, आता पाय सुजतात म्हणून खुर्चीत बसून घराची मापं काढतात. सुनेच्या बढतीला त्यांचा विरोध होता, पण तो ते गोड आवाजात करत. "सूनबाई, घर म्हणजे शिवण. एक टाका उसवला की सगळं उसवत जातं."

"म्हणून तर शिंप्याच्या घरात पडलेय, बाबा," लेक म्हणाली. "उसवलं तर शिवायला तुम्ही आहात."

सोमवारी कॅसरोल झाला, पण तो लेकीनंच केला म्हणायचं, वॉर्डातून, फोनवर. मीठ किती, पाणी किती, ओव्हनच्या वरच्या कप्प्यात की खालच्या? शेवटी तिकडून मेट्रन बाई करवादल्या, तो आवाज आम्हाला इकडे ऐकू आला. मंगळवारी फोन बंद, तर जावई माझ्या चेहऱ्याकडे बघून स्वयंपाक करायला लागले. हातात मिठाचा चमचा धरायचे आणि माझ्याकडे टक लावायचे. "आई, तुमची डावी भुवई हलली. म्हणजे जास्त होतंय ना?"

मी मुकाट्यानं आसन उचललं आणि भिंतीकडे तोंड करून जपाला बसले.

बुधवारी रात्री लेकीनं फर्मान काढलं. "उद्या मला कुणी फोन करायचा नाही. आणि आईच्या भुवयांकडे बघायचं नाही. उद्या घरी आल्यावर मी आईला विचारणार, तू मदत केलीस का. ती खोटं बोलत नाही."

"वा," व्याही म्हणाले, "साक्षीदार मुका आणि न्यायाधीश नवऱ्याची बायको. चालू द्या."

गुरुवारी सकाळी जावयांनी डबा भरायच्या आधी भाज्या चिरल्या. फरसबीचे तुकडे असे एकसारखे, जणू पट्टी लावून कापलेत. तांदूळ-मसूर धुऊन घातले, भाज्या रचल्या, भांडं फ्रिजमध्ये गेलं. संध्याकाळी ते कामावरून आले, हातपाय धुतले, ओव्हन तापत ठेवला आणि पातेल्यात पाणी चढवलं. त्यात मीठ, हळद, चार मिरे, ठेचलेला लसूण, एक तमालपत्र. पाण्याला उकळी आली, त्यांनी गॅस बंद केला. मी तेव्हा दिवा लावून बसले होते. आज भिंतीकडे तोंड नव्हतं, कारण त्या भिंतीशी नात गृहपाठ पसरून बसली होती. तिला आम्ही खार म्हणतो. सारखं काहीतरी कुरतडत असते.

तेवढ्यात जावयांचा फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत कुणी लिफ्टमध्ये अडकलं होतं आणि जोडीदाराला दार उघडेना. "घाबरू नको, आधी मेन स्विच बघ," म्हणत जावई गॅलरीत गेले.

आणि व्याही आले, पाय शेकायचा टब घेऊन.

रोज संध्याकाळी ते स्वतःच पाणी तापवून त्यात मीठ घालतात. आज गॅसजवळ गेले तर पातेलं तयार. वाफ निघतेय. त्यांनी वाकून वास घेतला, चमचाभर फुंकून चाखलं. "मीठ आहे. हळदसुद्धा!" मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "विहीणबाई, बघितलंत? पोरानं दिवसभर राबून येऊन, न सांगता, बापाच्या पायांसाठी पाणी ठेवलं. मी उगाच बोलतो हो त्याला."

त्यांचे डोळे भरून आले होते. पातेलं त्यांनी टबात रिकामं केलं, त्यात सोसेल इतकं गार पाणी घातलं आणि अगदी जपून, एक थेंबही न सांडता, टब बाहेरच्या खोलीत नेला.

जावई परत आले. फोन अजून कान आणि खांद्यामध्ये अडकलेला. "हां, आता तो खटका वर कर..." पातेल्यात बघितलं. रिकामं. स्वतःशीच मान हलवली, म्हणजे पाणी ओतून झालं म्हणायचं. भांड्यावर फॉइल ताणून बसवली, कडा दाबल्या, भांडं ओव्हनमध्ये सरकवलं, दार लावलं, बटण दाबलं.

माझ्या हातातली माळ जागच्या जागी थांबली.

दोनच शब्द तर होते. पाणी राहिलं. देव काय एवढा कोपिष्ट आहे, की लेकीच्या भल्यासाठी उच्चारलेले दोन शब्द त्याला खपू नयेत? मी आसनावरून अर्धी उठलेसुद्धा. पण जेवताना लेक मला विचारणार होती. मी खरं सांगितलं असतं, आणि तिनं म्हटलं असतं, बघ, म्हणजे शेवटी आई लागतेच. मग मी तरी राहिले असते, नाहीतर तिची जागा तरी गेली असती. आणि न बोलावं तर कोरडे तांदूळ ताटात वाढले जाणार, म्हणजे जागा गेलीच. इकडे आड, तिकडे विहीर, आणि पाणी मात्र व्याह्यांच्या टबात.

मी परत बसले. देवाला म्हटलं, तूच बघ बाबा, तुला बोलायला बंदी नाही.

लिफ्टमधला माणूस सुटला असावा. जावयांनी फोन ठेवला, खारीला दोन गणितं समजावली, ताटं पुसली, मग ओव्हनपाशी जाऊन उभे राहिले. काच वाफेनं धुरकट व्हायला हवी होती, ती लख्ख. त्यांनी कान जवळ नेला.

"काय करताय, बाबा?" खारीनं विचारलं.

"ऐकतोय. काल ह्या वेळेला आतून खदखद येत होती."

"आज काय येतंय?"

"काहीच नाही. यंत्र मुकं झालं की समजायचं, आत काहीतरी बिघडलंय." त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी घाईघाईनं डोळे मिटले. "नाही, आईंकडे नाही बघायचं," ते पुटपुटले आणि त्यांनी सरळ भांडं बाहेर काढलं.

फॉइल उचलल्याचा आवाज आला. मग पातेलं उलटं करून ठोकल्याचा.

"पण मी पाणी ओतलं होतं! पातेलं रिकामं आहे! पाणी गेलं कुठं?"

खार ओट्याखाली बघून आली. मग नाक वर करून हुंगत हुंगत बाहेरच्या खोलीत गेली. तिथून तिची किंकाळी आली.

"बाबा! आजोबांच्या पायात लसूण आहे!"

मी डोळे उघडले. दारातून स्पष्ट दिसत होतं. व्याही खुर्चीत समाधानानं मान मागे टाकून बसले होते, पाय घोट्यापर्यंत आमच्या कॅसरोलच्या पाण्यात. तमालपत्र होडीसारखं एका अंगठ्याला जाऊन टेकलं होतं. पाय पिवळेधमक.

"आजोबा, तुम्हाला हळद लागली!"

"लागू दे," व्याही डोळे न उघडता म्हणाले. "माझ्या लेकानं लावलीय. सुगंध बघ काय येतोय. मिरेसुद्धा घातलेत, सुजेवर मिरं चांगलं."

"बाबा," जावई म्हणाले, "तो... तो आपला रस्सा आहे. कॅसरोलचा."

व्याह्यांनी डोळे उघडले. आधी पायांकडे बघितलं, मग मुलाकडे. "म्हणजे माझ्यासाठी नव्हतं?"

माझं हसू विरलं. म्हाताऱ्या माणसाचा चेहरा असा पडलेला बघवत नाही. जावई पुढे होऊन टबापाशी उकिडवे बसले.

"नव्हतं, बाबा. खोटं कशाला बोलू? पण उद्यापासून असेल. तुमचं वेगळं पातेलं ठेवतो."

"लसूण नको घालूस."

"नाही घालत."

"हळद राहू दे."

आणि मग दोघं बापलेक असे काही हसायला लागले, की टबातलं पाणी लादीवर सांडलं. खार गडाबडा लोळत होती. मी पदर तोंडात कोंबून पाठ फिरवली. हसण्यानं मौन मोडतं का, याचा निवाडा मी देवावर सोडला आहे. माझे खांदे मात्र बराच वेळ हलत होते.

जावयांनी नवीन पाणी चढवलं. या वेळी ते पातेल्याजवळून हलले नाहीत. उकळतं पाणी हळूहळू भांड्यात ओतलं, भाज्यांवर पाणी चढेपर्यंत, पुन्हा फॉइल दाबली. "ओव्हन तापलेलाच आहे, थोडा उशीर होईल, एवढंच," ते म्हणाले. कुणाला विचारलं नाही, सांगितलं. ते ओव्हनसमोर मांडी घालून बसले. काही वेळानं आतून खदखद सुरू झाली, तसे उठून चीज किसायला लागले.

लेक आली ती बूट न काढताच, हातात फोन. "मेट्रन बाई माझ्या उत्तरासाठी थांबल्यात. वाढा लवकर. आणि सगळे असे काय दिसताय? लादी का पुसलीय?"

"जेव आधी," व्याही म्हणाले.

भांडं टेबलावर आलं. वरचं चीज सोनेरी झालं होतं. पहिल्यांदा कोरडे तापल्यामुळे कडेचे तांदूळ जरासे खरपूस झाले होते, पण मधे भात मऊ, मसूर शिजलेले, गाजराला गोडी. खारीनं खरपूस कोपऱ्यावर चमचा रोवून मालकी जाहीर केली. मी ताटावर बसले, हात जोडले, पहिला घास घेतला. मौन सुटलं.

लेकीनं खाल्लं. परत खाल्लं. मग माझ्याकडे वळली. "आई, खरं सांग. तू सांगितलंस ह्याला काही?"

"एक शब्द नाही."

"भुवया?"

"डोळेच मिटले होते."

"म्हणजे काहीच चुकलं नाही?"

"चुकलं. चांगलंच चुकलं. त्यांचं त्यांना कळलं आणि त्यांचं त्यांनी निस्तरलं. मी असते-नसते तरी हेच झालं असतं."

लेक नवऱ्याकडे बघत राहिली. जावई भांड्याची कड खरवडण्यात फारच गुंतले होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"सूनबाई," व्याही म्हणाले, "होय म्हणून कळव. मी बसल्याजागी गाजरं चिरून देत जाईन. कात्री नाही तर सुरी, हात तोच आहे."

"बाबा, तुम्ही? आणि तुमचे पाय पिवळे का दिसतायत?"

"ते आमच्या बापलेकांतलं आहे. तू कळव."

तिनं एका हातानं फोनवर लिहिलं, एकदा वाचलं आणि पाठवलं. मग खाली वाकून बूट काढले, ते टेबलाखाली सरकवले आणि ताट नवऱ्यापुढे केलं. "वाढ अजून. कोपऱ्यातलं."

"कोपरा माझा!" खार ओरडली.

"हेड नर्सचा," लेक म्हणाली आणि तिच्या चमच्यातला घास पळवला.