राखाडी चादरींचा साक्षीदार

मित्रांनो, मी एक जुना प्रकाशमापक आहे. ‘जुना’ हे मला मान्य आहे. ‘बिघडलेला’ हे मात्र आजवर कोणी सिद्ध केलेले नाही.

माझी रचना साधी. लहानशा काचेमागे सेलेनियमचा पातळ थर आहे. त्यावर उजेड पडला की किंचित वीज निर्माण होते आणि काटा हलतो. तो पाहून कॅमेऱ्याचे भिंग किती उघडायचे ते ठरवतात. माझी मर्यादा आधीच सांगतो: समोरची प्रत्येक वस्तू मध्यम राखाडी आहे, असे मी धरून चालतो. बर्फ असो वा कोळसा, मला सारखेच. म्हणून पांढरे टिपताना भिंग माझ्या सांगण्यापेक्षा अधिक उघडावे लागते; एरवी पांढरे मळकट येते. हा दोष नव्हे, नियम आहे.

माझी मालकीण साबणवाल्यांच्या घरातली. तिच्या आजोबांनी काढलेला कपड्यांचा साबण घरोघरी होता आणि वडीवर त्यांचे आडनाव उठून दिसे. तिने कुठेही नाव सांगितले की लोक आधी स्वतःच्या कॉलरकडे पाहत. घरात तिला धाकटी म्हणत. धाकटीला चित्रपट करायचा होता, आणि तोही कोळशाच्या वखारीतल्या बायकांवर.

“अगं, आपला धंदा पांढऱ्याचा,” आत्या म्हणाली, “हात काळे करायला तुला वखारच सापडली?”

वडिलांनी मधला मार्ग काढला. आधी कंपनीचा जाहिरातपट कर. चांगला झाला तर जाहिरात विभाग तुझाच. धाकटीने या बक्षिसाचा अर्थ अचूक लावला. जाहिरातपट चांगला झाला, तर जन्म साबणात जाणार. वाईट झाला, तर ‘मला हे जमत नाही’ म्हणून वखारीकडे जाता येणार.

चित्रणाच्या दिवशी गच्चीवर चादरी वाळत होत्या. तिने मला त्यांच्यापुढे धरले. मी नेहमीचेच उत्तर दिले.

“भिंग अजून उघडतो हं,” कॅमेरावाले काका म्हणाले.

“नको, काका. काटा म्हणतोय तेवढंच.”

“चादरी मळक्या येतील की गं!”

“येऊ द्या.”

बंगल्याच्या दिवाणखान्यात पडद्यावर त्या चादरी आल्या, तेव्हा आत्याच आधी बोलली. “शेजारच्या कंपनीचा साबण वापरलास का गं? अख्ख्या घराण्याला नीळ घालावी लागेल आता!”

सगळे हसले. वडील हसले नाहीत. ते तिच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, “बाळ, चूक कुणाची?”

काकांनी मान खाली घातली. ‘माझी’ हे दोन अक्षरांचे उत्तर धाकटीने घोकून ठेवले होते. तेवढे म्हटले असते, तर ती सुटली असती. तिने वडिलांच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिले.

“मीटर बिघडलंय, बाबा.”

“हात्तिच्या! मग तुझा काय दोष?”

त्यांचा चेहरा उजळला. किती, ते मी मोजू शकलो नाही. माझे झाकण बंद होते.

नवा प्रकाशमापक आला. चादरी पुन्हा वाळत पडल्या. या खेपेस काकांनी तिला न विचारताच भिंग उघडले. जाहिरातपट गाजला आणि जाहिरात विभागाच्या दारावर तिची पाटी लागली.

मला कंपनीच्या स्वागतकक्षात काचेच्या कपाटात ठेवले आहे. ‘पहिल्या जाहिरातपटाचा प्रकाशमापक’ अशी चिठ्ठीही आहे. कपाटातला दिवा कधी विझत नाही आणि माझे झाकण हरवले आहे. सतत उजेडात राहून माझा काटा पूर्वीपेक्षा कमी सरकतो, एवढे निरीक्षण नोंदवतो. ‘बिघडलेला’ ठरायला आता फार अवकाश नाही.

धाकटी रोज समोरून जाते. लोक उठून उभे राहतात, ती हसते. कधी आसपास कोणी नसले, की ती काचेवर तळवा ठेवते, नेमका माझ्या डोळ्यापुढे. काटा शून्यावर येतो. मला तेवढाच विसावा. तिलाही मिळत असावा. पण ते मोजण्याची सोय माझ्यात नाही.

मित्रांनो, घरात एखादे जुने यंत्र असेल, तर त्याचे झाकण जपा. उजेडाइतकाच त्याला अंधारही लागतो. आणि त्याच्यावर ठपका ठेवण्यापूर्वी क्षणभर थांबा. खापर फुटले ते माझ्या डोक्यावर. कपाटात मात्र धाकटी आणि मी, दोघेही आहोत.