सातव्या विषयाची नोंद

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे, इतिवृत्ताची. मंत्रिमंडळाच्या बैठकीत काय ठरले, ते माझ्यात लिहिले जाई. सध्या मी तळघरातल्या एका लोखंडी कपाटात पडून आहे. इथे शांतता पुष्कळ आहे, पण मला काही स्वस्थता नाही.

माझा जन्म सरकारी छापखान्यात झाला. बांधणी करणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने माझे कागद दोऱ्याने शिवले, पाठीला सरस लावला आणि जाड पुठ्ठ्यावर काळे कापड चढवले. मग प्रत्येक पानावर आकडा उमटवला, एक ते तीनशे. "एक पान जरी गेलं तरी कळलं पाहिजे," तो जोडीदाराला म्हणाला. त्या दिवशी मी मनातून फुगले होते.

पुढे मी एका बाईंच्या हाती आले. बैठकीत कोपऱ्यात बसून टिपणे घ्यायची आणि नंतर ती माझ्यात उतरवायची, हे त्यांचे काम. सारी कचेरी त्यांना टिपणीबाई म्हणे. अक्षर असे की मंत्रीसुद्धा थांबून बघत. त्यांनी गोपनीयतेची शपथ घेतली होती. घरी गेल्यावर त्या बैठकीबद्दल चकार शब्द काढत नसत.

ही गुप्तता कशासाठी, असा प्रश्न तुम्हाला पडेल. मलाही पडला होता. एका बैठकीत आरोग्यमंत्री उभे राहिले आणि म्हणाले, "लशींचा साठा मी वेळेवर मागवला नाही. चूक माझी आहे. आता काय करायचं ते सांगा." दार उघडे असते तर ते असे बोलले नसते. त्या दुपारी सगळ्यांनी मिळून मार्ग काढला आणि लस आठवड्याभरात पोहोचली. बंद दाराचा उपयोग मला तेव्हा कळला.

मग नदीवरची फेरीबोट उलटली. बोट चाळीस माणसांची, आत नव्वद होती. गेलेल्यांत टिपणीबाईंचा धाकटा भाऊ होता. तो घरे रंगवायचा, रोज पलीकडच्या काठावर कामाला जायचा. मागे बायको आणि एक मुलगी राहिली.

काही महिन्यांत निवडणूक झाली. नव्या सरकारने लेखी वचन दिले होते : बोटींसाठी स्वतंत्र तपासनीस नेमू, माणसे मोजल्याशिवाय बोट सुटणार नाही, वर्षाच्या आत कायदा करू. त्या कागदावर बोटीत गेलेल्यांचे नातेवाईक विसंबून राहिले.

तो विषय मंत्रिमंडळापुढे आला तेव्हा यादीत सातवा होता. परिवहनमंत्र्यांनी प्रस्ताव वाचला. कुणीतरी म्हणाले, "बोटमालक आपलीच माणसं आहेत, आत्ता कशाला दुखवायचं?" मुख्यमंत्र्यांनी घड्याळ पाहिले. "सोडून द्या. बाहेर मात्र काम चालू आहे असंच सांगा." पाच मिनिटेही लागली नाहीत.

टिपणीबाईंनी माझे एकशे बारावे पान उघडले आणि लिहिले : 'विषय सात, नौका सुरक्षा कायदा. प्रस्ताव सोडून देण्यात आला.' पूर्णविरामावर त्यांचे पेन इतका वेळ टेकून राहिले की शाई मागच्या पानावर उतरली.

महिने गेले. एका दुपारी त्यांची भावजय कचेरीत आली. तिच्या हातात परिवहन खात्याचे पत्र होते.

"ताई, हे तिसरं उत्तर. 'प्रस्ताव विचाराधीन आहे. मंत्रिमंडळाची चर्चा गोपनीय असल्याने अधिक सांगता येत नाही.' मला एवढंच सांगा, वाट बघायची की नाही?"

"मला सांगता येत नाही गं. शपथ घेतली आहे मी."

"कोण काय बोललं ते विचारतच नाहीये मी."

टिपणीबाईंनी माझ्यावर हात ठेवला होता. त्या म्हणाल्या, "पोरीला कॉलेजला पुलावरून पाठवत जा. तासभराचा वळसा पडेल, पडू दे."

भावजयीने विचारले, "म्हणजे?"

"आत्या म्हणून सांगते आहे."

तिने पत्राची घडी घातली. "माझ्या पोरीला आत्या आहे, ताई. बाकीच्यांच्या पोरींनी काय करायचं?" उत्तरासाठी ती थांबली नाही.

त्यानंतर टिपणीबाईंचे चित्त थाऱ्यावर राहिले नाही. दिवसातून दहादा त्या एकशे बारावे पान उघडत आणि मिटत. एका बातमीदाराचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी तीन दिवस त्यांच्या टेबलावर होती. चौथ्या दिवशी त्यांनी ती बारीक फाडली. मला वाटले, बाईंनी कच खाल्ली. आपल्या पोटात खरे आहे आणि आपल्याला तोंड नाही, याची मला तेव्हा पहिल्यांदा चीड आली.

मग विधिमंडळाच्या समितीचे पत्र आले : 'नौका सुरक्षा कायद्यावर निर्णय झाला आहे काय? असल्यास कोणता? नोंदीची सही केलेली नक्कल पाठवावी.' दुसऱ्या दिवशी सकाळी मुख्य सचिव स्वतः टिपणीबाईंच्या टेबलापाशी आले.

"बाई, त्या ओळीत 'सोडून देण्यात आला'च्या जागी 'पुढे ढकलण्यात आला' करायचंय. नवं पान लावून घेऊ."

"साहेब, पानांवर आकडे आहेत."

"ते मी बघतो."

"मग लिहाही तुम्हीच. माझ्या अक्षरात ते येणार नाही."

साहेबांचा आवाज खाली आला. "तुम्ही शपथ घेतली आहे, बाई."

"कोण काय बोललं ते मी मरेपर्यंत सांगणार नाही. इथे काय ठरलं ते विधिमंडळ विचारतंय. गप्प राहायची शपथ घेतली होती मी, खोटं लिहायची नाही."

साहेब समोरच्या खुर्चीवर बसले. तीस वर्षांची नोकरी झाली होती त्यांची. "तुमची बदली होईल," ते म्हणाले.

"होऊ दे."

ते निघून गेले. दुपारी परत आले तेव्हा त्यांच्या हातात नकलेचा कागद होता. त्यावर विषयाचे नाव आणि निर्णयाची मूळचीच एक ओळ होती, चर्चेतले काही नव्हते. टिपणीबाईंनी माझ्याशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिले आणि सही केली. खाली साहेबांनी केली.

ती ओळ सभागृहात वाचली गेली. 'विचाराधीन' म्हणणाऱ्या मंत्र्यांना मान वर करता येईना. पुढच्या अधिवेशनात कायदा आला. टिपणीबाईंची बदली त्याआधीच आली होती, या तळघरात. माझी पाने भरल्यावर मीही इथेच आले. वरती आता सारे संगणकावर लिहितात.

कायदा झाल्यावर वर्षाने भावजय जिना उतरून इथे आली. बसली नाही.

"चार महिने तुम्हाला ठाऊक होतं."

"हो."

"रोज नव्वद माणसं जात होती तशाच बोटीतून."

"कामावर येताना मी काठावर उभी राहून मोजायचे. एकदा त्र्याण्णव होती."

"काही झालं असतं तर?"

"तर मी काय केलं असतं, ते मला अजून कळत नाही," टिपणीबाई म्हणाल्या. "बातमीदाराला सांगावंसं वाटलं होतं. मग वाटलं, तसं केलं तर उद्यापासून त्या खोलीत कुणी खरं बोलणार नाही. यातलं बरोबर कुठलं, ते तूच ठरव."

भावजयीने काहीच ठरवले नाही. पिशवीतून एक कागद काढून तिने टेबलावर ठेवला. त्यावर तिने लिहिले होते : बोटीत जीवरक्षक जॅकेटे आली होती, माणसे मोजली जात होती. पण तपासनीसाची खुर्ची अकरा महिने रिकामी होती. पद मंजूर झाले होते, माणूस नेमला नव्हता.

"हेही गुप्त आहे का?"

"नाही. हे विचारायचा तुला हक्क आहे. बस."

मग ती बसली. दोघींनी मिळून अर्ज लिहिला. टिपणीबाईंनी सुरुवातीला 'कृपया' लिहिले, तेव्हा भावजय म्हणाली, "ते खोडा." त्या म्हणाल्या, "असू दे गं. खाली नेमणुकीची तारीख मागू. तारीख मागितली की कृपयाचा सूर बदलतो."

मित्रांनो, मला वाळवीपासून जपा, ओलीपासून जपा. माझ्यासारख्यांवर कुलूप असेल तर असू द्या, ते कधी कधी लागते. पण कुलूप दाखवून कुणी तुम्हाला दारातूनच परत पाठवत असेल, तर परत जाऊ नका. वचन दिले होते त्याचे काय झाले, एवढे विचारा. उत्तर आले नाही तर पुन्हा विचारा. आम्ही वह्या फक्त खरे धरून ठेवू शकतो, विचारायला माणूसच लागतो.

त्या अर्जाला अजून उत्तर नाही. आज सकाळी टिपणीबाईंनी दुसरा लिहायला घेतला आहे.